घरचं चिकन रामेन पाणचट का होतं आणि ते कसं जमवायचं

तुम्ही विचारलंय की घरी चिकन रामेन म्हणजे जपानी नूडल सूप करून बघितलं, दोन तास कोंबडी उकळून स्टॉक काढला, त्यातच सोया सॉस, आलं-लसूण, मीठ, मिरी सगळं घातलं, शेवटी नूडल्स टाकून उकळल्या आणि तरी चव पाणचट लागली, रंग काळपट आला आणि दहा मिनिटांत सगळं लापशीसारखं घट्ट झालं. पोर्क खात नाही, घरात दारूचा पदार्थ नको, कुकर वापरला तर चालेल का आणि भारतात सोया सॉस नि नूडल्स कुठल्या घ्यायच्या, हेही विचारलंय. मी टोक्योत रामेनच्या दुकानात किचनमधे काम केलंय आणि आता पुण्यात हेच करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, एकेक मुद्दा येईलच.

सगळ्यात आधी मूळ गोष्ट. तुम्ही सगळं एकाच पातेल्यात घातलंत, आणि ते साहजिक आहे कारण आपला रस्सा तसाच होतो, एकाच भांड्यात मसाला, मीठ, हाडं सगळं मुरत जातं. रामेन तसं होत नाही. त्यात पाच गोष्टी वेगवेगळ्या तयार होतात आणि शेवटच्या मिनिटाला बाउलमधे एकत्र येतात: सूप, तारे म्हणजे खारट चवीचा अर्क, सुवासाचं तेल, नूडल्स आणि वरचे टॉपिंग्ज. सूपमधे मीठ अजिबात नसतं, एक चिमूट पण नाही. सगळं मीठ तारेमधे. चरबी सुद्धा वेगळी काढून ठेवलेली असते. हे एवढं पाळलं ना तर तुमच्या तिन्ही तक्रारी तिथेच संपतात. सोया सॉस तासभर उकळला की त्याचा वास उडून जातो आणि मागे काळपट रंग नि कडवट खारटपणा उरतो. स्टॉक आटत जातो तसं मीठ वाढत जातं मग तुम्ही पाणी घालता, मग चव पातळ होते, मग परत सॉस घालता, हे चक्र थांबतच नाही. आणि नूडल्स सूपमधेच उकळल्या की त्यांचा स्टार्च नि खार सगळा सूपमधे उतरतो, ती तुमची लापशी.

पोर्कचं म्हणाल तर काळजीच करू नका. रामेन म्हणजे डुकराचं हाड हा समज आपल्याकडे व्हिडिओ बघून झालाय, कारण तोनकोत्सु म्हणजे डुकराच्या हाडांचं रामेन जगभर गाजलं. कोंबडीचं रामेन हे जपानमधे पर्याय म्हणून करत नाहीत, ती स्वतंत्र परंपरा आहे. क्योतोची तेनकाइप्पिन ही १९७१ मधे गाड्यावर सुरू झालेली साखळी तिच्या कोंबडीच्या दाट सूपसाठीच प्रसिद्ध आहे, हाकाताचं मिझुताकी हे कोंबडीचं पांढरं सूप तर रामेनच्या बाहेरही लोक आवडीने खातात, आणि मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मधे ओसाकाजवळच्या इकेदा इथे जे पहिलं इन्स्टंट नूडल्सचं पाकीट काढलं त्याचं नावच चिकन रामेन होतं. एक मात्र, जपानला गेलात तर चिकन सूपच्या दुकानातही वर ठेवलेला मांसाचा काप डुकराचा असू शकतो नाहीतर तेलात लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते, ऑर्डर देण्याआधी विचारूनच घ्या.

कोंबडीचं सूप दोन प्रकारचं असतं. चिनतान म्हणजे स्वच्छ, सोनेरी, आरपार दिसणारं. पाइतान म्हणजे पांढरं, दाट, ओठाला चिकटणारं. हाडं तीच, फरक फक्त आचेचा. घरी सुरुवात चिनतानपासून करा असं मी सगळ्यांना सांगतो कारण त्यात चव लपत नाही, कुठे काय चुकतंय ते लगेच कळतं. पाइतान खाली सांगतो, तुमचा कुकर तिथे कामाला येईल.

चार बाउलसाठी साधारण १ किलो कोंबडीच्या पाठी आणि माना, ३५०-४०० ग्रॅम पंजे आणि अर्धा किलो विंग्ज घ्या. आपल्या चिकनच्या दुकानात "सूपसाठी हाडं द्या" म्हटलं की पाठी-माना मिळतात, पण दुकानदार स्किन काढूनच देतो, म्हणून विंग्ज स्किनसकट मागा आणि वेगळी पाव किलो स्किन नि पिवळी चरबी पिशवीत बांधून मागून घ्या, बहुतेक ठिकाणी ती फेकायचीच असते. ती आपल्याला तेलासाठी हवीये. पंजे वगळू नका. त्यात नुसती कातडी, स्नायूंचे दोरे आणि कूर्चा असते म्हणजे सगळं कोलॅजन, आणि त्याचंच जिलेटिन होऊन सूपला अंग येतं. पंज्यांची नखं सांध्यापासून तोडा, वरची पिवळी साल राहिली असेल तर अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून काढली की सोलून निघते. गावठी कोंबडी मिळाली तर अर्धी तरी घाला, नाहीतर अंडी देऊन म्हातारी झालेली लेअर कोंबडी मिळते ती घ्या, भाजी म्हणून चामट लागते पण सूपला ब्रॉयलरपेक्षा कितीतरी जास्त चव देते. जपानमधेही दुकानं म्हाताऱ्या कोंबड्या मुद्दाम वापरतात, ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांची सुद्धा नसते, तिच्या हाडात चव यायला वेळच मिळालेला नसतो.

आता जे बहुतेक लोक करत नाहीत ते. पाठ उलटी धरा, आतल्या बाजूने मणक्याच्या दोन्ही कडांना खाचांमधे गडद लाल मऊ गुठळ्या चिकटलेल्या दिसतील, ते फुफ्फुसाचे नि मूत्रपिंडाचे तुकडे असतात. नळाखाली धरून अंगठ्याने एकेक उकरून काढा, खाच पांढरी दिसेपर्यंत. एका पाठीला मिनिटभर लागतं. सूपला येणारा हिंवस वास, करडा फेस आणि गढूळपणा यातला बराचसा इथूनच येतो, आणि मग तो वास मारायला लोक आलं-लसूण-मिरी ओतत बसतात. हे एक काम नीट झालं की मसाल्याची गरजच पडत नाही.

हाडं पातेल्यात ठेवून अडीच लिटर गार पाणी घाला. गारच. मध्यम आचेवर हळूहळू गरम होऊ दे, घाई करू नका. उकळी फुटायच्या बेताला करडा फेस वर येईल तो पळीने काढत रहा, वीस मिनिटांनी फेस पांढरा व्हायला लागतो तेव्हा थांबा. मग आच एकदम कमी. पाणी ९० अंशांच्या आसपास राहायला हवं, थर्मामीटर नसेल तर पृष्ठभाग नुसता थरथरताना दिसला पाहिजे आणि अधूनमधून एखादाच बुडबुडा वर यायला हवा. आपल्या गॅसचा सगळ्यात लहान बर्नर सगळ्यात बारीक करूनही पातेलं उकळतच राहतं, अशावेळी बिर्याणीला दम देताना करतो तसं खाली जाड लोखंडी तवा ठेवा, लगेच आटोक्यात येतं. झाकण अर्धवट. ढवळायचं नाही, अजिबात नाही, ढवळलं की चरबी नि बारीक कण पाण्यात मिसळतात आणि सूप गढूळ होतं. चार ते पाच तास. शेवटच्या तासाला अर्धा कांदा, आल्याच्या चार-पाच चकत्या, लसणाच्या चार ठेचलेल्या पाकळ्या आणि पातीच्या कांद्याची हिरवी पात घाला. आधीपासून घातलं तर भाजीचा वास शिळा होतो आणि सूप गोड होतं. हळद, तमालपत्र, दालचिनी काही नको, मिरीपण नको.

झालं की बारीक चाळणीत सुती फडकं टाकून गाळायचं, पण पातेलं उपडं करायचं नाही, वाटीने हळूच वरचं सूप घेत घेत ओतायचं. हाडं दाबून पिळायची नाहीत. साधारण दीड लिटरच्या पुढे सूप मिळेल. लगेच वापरणार नसाल तर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून पटकन गार करा, आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर ठेवलेला स्टॉक सकाळी हमखास खराब झालेला असतो. फ्रीजमधे ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची थरथरती जेली झालेली दिसली पाहिजे. पाण्यासारखंच राहिलं तर पंजे कमी पडले किंवा पाणी जास्त झालं असं समजा. तीन दिवस फ्रीजमधे, त्यापुढे डीप फ्रीझर.

आता तारे. माझ्या मते घरी रामेन जमणं न जमणं इथेच ठरतं, सूपपेक्षाही जास्त. सोया सॉस घेताना आपल्याकडच्या दुकानातली काळी दाट डार्क सोयाची बाटली घेऊ नका, त्यात बऱ्याचदा रंगासाठी कॅरॅमल असतं आणि ती चायनीज भाजायच्या पदार्थांसाठी बरी. लेबल वाचा, पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच लिहिलेलं असेल आणि नॅचरली ब्र्यूड असेल ती घ्या. किक्कोमान आता मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन सहज मिळतो, महाग वाटतो पण एका बाउलला ३० मिलीच्या आत लागतो. तुम्ही दारू नको म्हणालात म्हणून हे सांगायलाच हवं, की आंबवून केलेल्या खऱ्या सोया सॉसमधे आंबण्यातून आपोआप थोडं, साधारण २ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतंच. ते चालणार नसेल तर खाली मिठाच्या तारेचं लिहिलंय ते करा. तारेत एरवी घालतात त्या खऱ्या मिरिनमधे, म्हणजे स्वयंपाकाच्या गोड जपानी तांदळाच्या दारूत, मात्र १४ टक्क्यांच्या आसपास असतं आणि उकळल्यावर सगळं उडून जातं हे खरं नाही. मिरिन सरळ वगळा, एक मोठा चमचा मिरिनऐवजी एक मोठा चमचा पाणी आणि एक छोटा चमचा साखर. गूळ नको, त्याची स्वतःची चव पुढे येते.

पद्धत अशी. ५० मिली पाण्यात कोंबूचा म्हणजे वाळलेल्या समुद्री शेवाळाचा ५ ग्रॅमचा तुकडा आणि २ सुके शिताके मशरूम रात्रभर भिजत ठेवा. सकाळी त्यात २०० मिली सोया सॉस, ८ ग्रॅम मीठ, २ छोटे चमचे साखर घालून अगदी मंद आचेवर गरम करा, कडेला बारीक बुडबुडे दिसले आणि वाफ यायला लागली की बंद, म्हणजे ८० अंशांच्या आसपास. उकळू द्यायचं नाही, वास जातो. गार झाल्यावर कोंबू-मशरूम काढून टाका, अर्धा छोटा चमचा राइस व्हिनेगर घाला आणि बाटलीत भरून एक दिवस तरी फ्रीजमधे ठेवा. मुरल्यावर खारटपणाची धार जाते. फ्रीजमधे महिनाभर सहज टिकतं.

प्रमाण ३० मिली तारेला ३३० मिली सूप. असल्या सोया सॉसमधे १०० मिलीला साधारण १६ ग्रॅम मीठ असतं, वर आपण ८ ग्रॅम घातलं, म्हणजे ३० मिली तारेत पावणेपाच ग्रॅमच्या आसपास मीठ येतं आणि बाउलमधे ते सव्वा ते दीड टक्क्याच्या मधे बसतं. नुसतं चमच्याने प्यायलं तर हे जरा जास्त वाटेल, पण नूडल्स अळणी असतात, त्या खाताना ते बरोबर लागतं. पहिल्यांदा २५ मिलीने सुरू करा नि चाखून वाढवा, घरातल्या मोठ्यांना बीपी असेल तर त्यांच्या बाउलला वेगळं प्रमाण ठेवता येतं. एका पातेल्यातल्या सूपमधे हे जमलंच नसतं.

कोंबू कशाला एवढा, हा प्रश्न मला नेहमी येतो. किकुनाए इकेदा या टोक्योच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९०८ मधे कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या भरीव, रुचकर चवीला उमामी म्हटलं. पुढे १९१३ मधे शिंतारो कोदामा यांनी वाळवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट हा उमामी देणारा दुसरा घटक शोधला, आणि हेच इनोसिनेट कोंबडीच्या मांसातही भरपूर असतं. ही दोन्ही जिभेवर एकत्र आली की चव नुसती बेरीज होऊन वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. सूपमधून कोंबडीचं इनोसिनेट येतं, तारेतून सोया सॉसचं नि कोंबूचं ग्लुटामेट येतं, शिताके ग्वानिलेट हा तसाच तिसरा घटक देतो. तुमचं सूप पाणचट लागण्यात याचा मोठा वाटा आहे. कोंबू नाहीच मिळाला तर कोरियन सामानाच्या दुकानात दाशिमा नावाने तीच वस्तू मिळते. आणि तेही नाही तर चिमूटभर अजिनोमोटो घाला, आपल्याकडे त्याचं नाव काढलं की लोक दचकतात पण ते तेच ग्लुटामेट आहे जे पिकलेल्या टोमॅटोत नि जुन्या चीजमधे असतं, जपानमधली कित्येक चांगली दुकानं ते उघडपणे वापरतात.

सुका जवळा नाहीतर सुकी मांदेली घालू का असंही कोकणातले मित्र विचारतात, कारण जपानी लोक छोटे वाळवलेले मासे घालतात हे त्यांनी बघितलेलं असतं. माझं मत नको. त्यांचे निबोशी आधी खारट पाण्यात उकडून मग वाळवतात, आपली सुकी मासळी बहुतेक कच्ची उन्हात वाळवलेली असते, तिचा वास जोरकस असतो आणि कोंबडी पूर्ण झाकून टाकतो. जवळ्याची चटणीच करा त्याची, ती जास्त चांगली लागते.

तेल. आणलेली स्किन नि चरबी बारीक कापून अर्धी वाटी पाणी घालून अगदी मंद आचेवर ठेवा, पाणी उडून जातं आणि चरबी हळूहळू सुटते, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मधेच आल्याच्या दोन चकत्या नि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग घाला. स्किन सोनेरी कुरकुरीत झाली की गाळून घ्या, पिवळंधमक सुवासिक तेल मिळेल. एका बाउलला एक मोठा चमचा. हेच तेल सूपवर पातळ थर धरून राहतं, बाउल शेवटच्या घासापर्यंत गरम ठेवतं आणि प्रत्येक नूडलला लागून तोंडात जातं. तब्येतीसाठी म्हणून हे वगळणारे लोक नंतर म्हणतात की दुकानासारखं लागत नाही. अर्धा चमचा घाला पण घाला. उरलेली कुरकुरीत स्किन मीठ टाकून लगेच खाऊन टाका.

नूडल्स. रामेनच्या नूडलचा पिवळसर रंग, तो चिवट चावा आणि किंचित वेगळा वास हा अंड्यामुळे नसतो, कानसुई नावाच्या खारामुळे असतो, म्हणजे सोडियम कार्बोनेट नि पोटॅशियम कार्बोनेट. म्हणून साध्या हक्का नूडल्स सूपमधे लवकर ढिल्या पडतात. सगळ्यात सोपी युक्ती, परदेशात राहणारे जपानी लोकही करतात ती, म्हणजे अगदी बारीक स्पॅगेटी किंवा कॅपेलिनी घ्यायची आणि एक लिटर उकळत्या पाण्याला एक मोठा चमचा खायचा सोडा घालून त्यात शिजवायची. पाणी फसफसून वर येतं म्हणून मोठं पातेलं घ्या आणि सोडा थोडा थोडा टाका. शिजल्यावर गरम पाण्यातून एकदा खंगाळा. ऐंशी टक्के काम होतं.

घरीच करायच्या असतील तर आधी खायचा सोडा भाजून घ्या. स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमधे १२० अंशांवर एक तास, ॲल्युमिनियमचं भांडं नको कारण खार त्याला खातो. ५० ग्रॅमचा साधारण ३२ ग्रॅम उरतो, पाणी नि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते सोडियम कार्बोनेट. ते हाताला झोंबतं, बरणीवर नाव लिहून मुलांपासून लांब ठेवा. पापडखारही याच कुळातला आहे आणि पापडाचं पीठ त्यामुळेच तसं होतं, पण बाजारातल्या पापडखाराची शुद्धता नि ताकद पुडीपुडीला वेगळी असते, मोजून घालायच्या कामाला मी तो वापरत नाही. ४०० ग्रॅम मैदा, त्यात मिळालं तर १२ ग्रॅम गव्हाचं ग्लूटेन कारण आपला मैदा जरा मऊ पडतो, १५० मिली पाणी, ४ ग्रॅम भाजलेला सोडा आणि ४ ग्रॅम मीठ. सोडा नि मीठ आधी पाण्यात पूर्ण विरघळवा मग पाणी मैद्यात थोडं थोडं शिंपडत बोटांनी फिरवा. गोळा होणारच नाही, ओल्या रव्यासारखा चुरा दिसेल आणि तुम्हाला वाटेल पाणी कमी पडलं, पण घालू नका. पिशवीत घट्ट बांधून तासभर ठेवा, मग दाबून जाड पट्टी करून पास्ता मशीनमधून सगळ्यात जाड नंबरवर काढा, घडी घालून परत काढा, चार-पाच वेळा केलं की कडा गुळगुळीत होतात. दीड मिलीमीटरपर्यंत पातळ करा, बारीक कापा, कॉर्नफ्लोअर भुरभुरवा. एक दिवस फ्रीजमधे राहिल्या तर चावा अजून चांगला येतो. पोळपाट-लाटण्यावर हे पीठ लाटणं फार जड जातं आणि शेवयांच्या सोऱ्यातून ते बाहेरच येत नाही, मशीन नसेल तर वरची सोड्याची स्पॅगेटीच करा.

टॉपिंगबद्दल थोडक्यात. बोनलेस लेग पीस स्किनसकट मिळाले तर गुंडाळी करून दोऱ्याने बांधा आणि पाणी, सोया सॉस, साखर, आलं यात मंद आचेवर चाळीस मिनिटं शिजवा, त्याच रसात गार होऊ द्या आणि मग पातळ कापा. गरम असताना कापलं तर तुकडे पडतात. अंडं जपानमधे साडेसहा मिनिटांचं करतात, बलक वाहता ठेवून, तिथली अंडी कच्ची खाण्याच्या हिशोबाने धुऊन, तारीख घालून येतात. आपल्याकडे मी आठ मिनिटं सांगतो, बलक मऊ पण धरलेला राहतो. सोलून थोडा सोया सॉस, तेवढंच पाणी नि साखर यात चार तास ठेवा. पातीचा कांदा अगदी बारीक चिरून गार पाण्यात पाच मिनिटं. उकडून घट्ट पिळलेला पालक छान लागतो. पावसाळ्यात बांबूचे कोंब मिळाले तर उकडून कडू पाणी काढून तिळाच्या तेलावर सोया-साखरेत परता, रामेनवरचे जपानी बांबूचे कोंब, मेनमा, आंबवून वाळवलेले असतात त्यामुळे तीच चव येणार नाही पण कुरकुर येते. कोथिंबीर, लिंबू, चिली ऑइल पहिल्या वेळी तरी नको, आधी मूळ चव कळू दे.

बाउल भरण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, इथे सगळी घाई असते त्यामुळे सगळं हाताशी मांडून ठेवा. बाउलमधे उकळतं पाणी ओतून दोन मिनिटं तापू द्या. एका गॅसवर सूप उकळीच्या काठावर, दुसऱ्यावर नूडल्ससाठी मोठ्या पातेल्यात भरपूर बिनमिठाचं पाणी खळखळ उकळतंय. नूडल्स टाका, घरच्या असतील तर दीड ते दोन मिनिटं. त्या शिजत असताना बाउलमधलं पाणी ओतून द्या, पुसा, ३० मिली तारे, एक चमचा तेल, त्यावर ३३० मिली गरम सूप. तेलाचे छोटे छोटे सोनेरी थेंब पृष्ठभागावर पसरतात आणि वास एकदम वर येतो. नूडल्स झाऱ्यात किंवा दांड्याच्या चाळणीत घेऊन जोरात तीन-चारदा झटका, शक्य तेवढं पाणी गेलं पाहिजे. इथे राहिलेलं दोन चमचे पाणी सगळी चव पातळ करतं, तुम्ही सूप कितीही चांगलं केलेलं असलं तरी. बाउलमधे सोडा, चॉपस्टिकने एकदा उचलून घडी घालून ठेवा म्हणजे गुंता सुटतो, वर टॉपिंग, आणि लगेच खायला द्या. सगळे जमेपर्यंत थांबायचं नाही, ज्याचा बाउल झाला त्याने सुरू करायचं. आपल्याकडे हे घरातल्यांना पटवणं जड जातं पण पाच मिनिटांत नूडल फुगते.

आता कुकर. आपल्या शिट्टीच्या कुकरमधे चिनतान नीट होत नाही, त्याचं कारण दाब नव्हे, शिट्टी. शिट्टी झाली की आतला दाब एकदम उतरतो आणि पाणी दणकून उकळतं, चरबी नि कण घुसळले जातात आणि सूप गढूळ होतं. पाइतानला मात्र हेच हवं असतं. १ किलो पाठी, ५०० ग्रॅम पंजे, २ लिटर पाणी, कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. फेस काढून झाकण लावा, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर एक तास. वाफ आपोआप जाऊ द्या. उघडल्यावर हाडं चमच्याने दाबली तरी तुटतात, त्यांना तिथेच ठेचा आणि आता मोठ्या आचेवर उघडं ठेवून अर्धा-पाऊण तास खळखळ उकळा, ढवळत रहा म्हणजे तळाला लागत नाही. जिलेटिनमुळे चरबीचे बारीक कण पाण्यात धरून राहतात आणि बघता बघता सूप पांढरं होतं, दुधाचा एक थेंब न घालता. शेवटी गाळून हँड ब्लेंडर मिनिटभर फिरवा. याला गडद सोया तारे घालून रंग मळवण्यापेक्षा मिठाची तारे घाला: १०० मिली पाण्यात कोंबू भिजवून १६ ग्रॅम मीठ आणि अर्धा छोटा चमचा साखर, तेच ३० मिलीचं प्रमाण. यात सोया सॉस नाही, मिरिन नाही, म्हणजे तुमच्या दारूच्या अटीतही हे पूर्ण बसतं. पाइतान दाट असतं म्हणून वरचं तेल अर्धंच.

तुम्ही टोक्योला निशी-कासाईत राहणाऱ्या भावाचंही लिहिलंय. त्याला तिथल्या सुपरमार्केटच्या चिकनच्या फ्रीजरमधे तोरिगारा मागायला सांगा, मांस काढलेला कोंबडीचा सांगाडा स्वस्तात मिळतो, आणि ताज्या कच्च्या रामेन नूडल्स फ्रीजच्या रॅकवर असतातच, त्यामुळे त्याने फक्त सूप, तारे आणि तेल केलं तरी पुरे.

चिनतानची गाळून उरलेली हाडं टाकू नका, ती लगेच दीड लिटर पाण्यात घालून कुकरला लावा, पातळसं दुसरं सूप निघतं. त्यात रात्रीचा उरलेला भात घालून उकळा, थोडी तारे, वरून फेटलेलं अंडं धार धरून ओता आणि झाकण ठेवून गॅस बंद करा. जपानमधे हॉटपॉट संपल्यावर उरलेल्या सूपमधे हेच करतात, त्याला झोसुई म्हणतात, आणि लहान मुलं नूडल्सपेक्षा हे जास्त आवडीने खातात.